आठवं पान

“घरात कोण रवला?”

“कोण नाय म्हाराजा.”

“गुरांढोरां?”

“सगळी भायर काडली म्हाराजा.”

“जावा तर.”

वेशीवरच्या व्हाळाच्या काठी गावचे मानकरी दाजी गावकर सकाळपासून उभे होते. खांद्यावर धुतलेलं उपरणं, हातात वेताची काठी. प्रत्येक घराचा कर्ता माणूस त्यांच्यासमोर थांबे, त्याच दोन प्रश्नांची तीच दोन उत्तरं देई, आणि मग त्याची बायकापोरं, गाईम्हशी, डालग्यातल्या कोंबड्या, पोत्यात घातलेलं मांजर, असं सगळं बिऱ्हाड घोटाभर पाणी ओलांडून पलीकडच्या माळावर जाई.

धामणसुऱ्याची ती गावपळण होती. साल चौसष्ट, पौषाचा महिना. आमच्या दक्षिण कोकणात काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात. देवानं होकार दिला की सारा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर माडाच्या झापांच्या राहुट्यांत जाऊन राहतो. मागे चूल विझवायची, दाराला कडी घालायची, कुत्रंसुद्धा ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव भुताखेतांचा, देवचारांचा. त्यांनी यावं, फिरावं, आपल्या जागा बघून घ्याव्यात. तिसरी रात्र उलटली की दाजींनी एकट्यानं देवळात जाऊन पुन्हा कौल लावायचा आणि मगच सगळ्यांनी परतायचं.

मी तिथली सरकारी नर्स. मूळची वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे बोली तीच. पण कोर्स मुंबईला केलेला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खाट आणि औषधांचं कपाट. मलाही कुलूप लावून बाहेर पडावंच लागे. माझ्यापुढे रांगेत गणू मेस्त्री होता.

“घरात कोण रवला?” दाजींनी विचारलं.

“ढेकूण रवले म्हाराजा. तेंका कसा हाडू?”

माणसं खदखदून हसली. दाजीही हसले. “ऱ्हवांदेत. भुतांका चावांदेत तीन दीस. जा.”

त्याच्या मागे, माझ्या अगदी पुढे, आवडूकाकी होती. साठीची, वाळलेली, ताठ बाई. एका हातात शेळीची दोरी, काखेत कोंबडी, पाठीवर वळकटी. मुलगा लवू मुंबईला गिरणीत, तिकडेच त्यानं दुसरं लग्न केलेलं. घरात ती एकटीच कर्ती.

“घरात कोण रवला?”

“कोण नाय म्हाराजा.”

“जा काकी.”

तिच्यासोबत तिच्या घरचं कोणी नव्हतं. माझ्या लक्षात आलं. लगेच आलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर मी पुष्कळांना सांगितलं की गर्दीत मला कळलं नाही. ते खरं नाही. मी काकीच्या बाजूची रिकामी जागा पाहिली, आणि मग माझा नंबर आला.

“दवाखान्यात कोण रवला, नर्सबाय?”

“कोण नाय म्हाराजा,” मी म्हटलं आणि पाण्यात पाय घातला.

*

आवडूकाकीच्या घरात एक नात होती. सहा वर्षांची. मागच्या गावपळणीत, गाव रिकामा असताना, गावात जन्मलेली. आणि जन्मताच आई गेलेली. गावानं हिशेब सरळ मांडला होता. त्या तीन दिवसांत गावात जे जन्मलं ते गावचं नव्हे, त्यांचं. बारसं झालं नाही. पाचवी पुजली नाही. काकीनं शेळीचं दूध पाजून तिला जगवली, पण हाक मारायची ती “गो” एवढीच. पोरं तिला खेळायला घेत नसत. तिला बघितलं की ओरडत, “नर्सबायचा भूत इला! नर्सबायचा भूत!”

कारण तिला या जगात मी आणली होती.

त्या हाकेची मला इतकी लाज वाटे, की ती वाटेनं येताना दिसली तर मी दवाखान्याचं दार पुढे करी. लशी टोचायला घरोघर जाई तेव्हा काकीच्या दारात चपलाही काढत नसे. ओट्यावरच सुई टोचायची आणि निघायचं. ती पाचाची असताना एकदा दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पायात बाभळीचा काटा मोडून पिकलेला. रडत नव्हती. मी काटा काढला, पट्टी बांधली. ती माझ्या हातांकडे बघत होती.

“झाला. घराक जा.” मी म्हटलं.

ती हलली नाही.

“आनि हयसर येव नको परत. लोकां बगतत.”

ती गेली. लंगडत, पण मागे न बघता. त्यानंतर आली नाही.

*

माळावर पहिली संध्याकाळ मजेत जाते. तीन दगडांच्या चुली, भजन, फुगड्या, लेकी-सुनांच्या गप्पा. दिवेलागणीला सगळा गाव गोळा झाला आणि दाजींनी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुज्या शबदान् आमी भायर पडलंव...”

“व्हय म्हाराजा!” सारा माळ ओरडला.

“लेकराबाळांची, गुराढोरांची, किड्यामुंग्येची राखण कर म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. शेजारी गणूची बायको पोराला मांडीवर थोपटत होती. ती कुजबुजली, “काय गो नर्सबाय, घसो बसलो? दुसऱ्यांका काढो देतंस, सोता घे मा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवडूकाकीच्या राहुटीत गेले. ती शेळीला पाला घालत होती.

“काकी, चेडू खंय?”

“कोणाचा?”

“तुमचा.”

“माजा?” तिनं पाला खाली टाकला. “ता माजा कदी झाला, नर्सबाय? सा वर्सां दूद पाजलंय, न्हाणयलंय, गोधडेत घेतलंय. गावात धा माणसां बोलली, टाकून दी. मी टाकूक नाय. पन माजा म्हणान कोणी दिला माका? तू दिलंस?”

शेळी पाल्याकडे ओढ घेत होती. काकीनं दोरी आखडली.

“ह्या तीन दिसांत त्येची माणसां येतत. त्येचा त्येंका भेटांदे. न्हेतली तर न्हेवंदेत. मी म्हातारी झालंय गो. मी मेलंय तर त्येका कोण?” तिचा आवाज एवढाच एकदा हलला. “फोव ठेवलंय पातेल्यात. गूळ ठेवलंय. पानयाची कळशी भरलंय. सगळ्यांची दारां बंद आसत, म्हनान आमच्याच घराक कडी घालूक नाय मी.”

“ती एकटी आसा काकी. सा वर्सांची. उगडी बाव आसा परड्यात.” घरालगतची ती बिनकठड्याची विहीर रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर होती.

“मगे?” तिनं पुन्हा पाला उचलला. “तू हाडलंस त्येका. तुका वायट वाटता तर तू बग.”

मी दाजींकडे गेले. ते राहुटीबाहेर सुपारी कातरत बसले होते. माझं सगळं ऐकेपर्यंत त्यांचा अडकित्ता थांबला होता.

“काकी माका खोटा बोलली तर,” ते म्हणाले.

“मी पण बोललंय. माका ठावक होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नर्सबाय, मी काय वायट मानूस न्हय. माका पन नातवंडां आसत. पन व्हाळ वलांडलो की पळण मोडली. सगळ्या गावान केलेला फुकट. उद्या एकाद्याचा गोरू मेला, कोणाक ताप इलो, तर नाव कोणाचा येतला? तुजा. आनि त्या चेडवाचा आणखी येकदा.”

“कौल लावून विचारा.”

“देव खंय आसा? देवळात. देवूळ खंय? गावात.” ते खिन्नपणे हसले. “उद्या रात्र सरांदे. परवा फाटफटी मी सोता येतंय तुज्यावांगडा. दोन दीस नि दोन राती. पानी आसा, फोव आसत.”

मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “आनि तू येकदा गेल्लंस मा? काय झाला ता आटावता?”

आठवत होतं. परत येऊन राहुटीत बसले आणि दुसरं काही आठवेनाच.

*

सहा वर्षांपूर्वी मी बावीसची होते आणि मला सगळं येत होतं.

त्या वेळच्या पळणीत दुसऱ्या दिवशी दुपारी लवूच्या बायकोला, सुभद्राला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, आणि मूल पायाकडून. राहुटीत वारा, धूळ. दाजी तेव्हाही तिथेच उभे होते. ते म्हणाले, माळाच्या खाली पलीकडच्या गावचं पहिलं घर आहे, माणसं चांगली आहेत, पडवी देतील, तिथे न्या. डोली करायला चार गडी तयार होते.

मी म्हटलं, “माझा दवाखाना जवळ आहे. खाट आहे, उकळलेली हत्यारं आहेत. आम्ही तिकडे जातो.”

“गावात? आज?” कोणीतरी ओरडलं.

“कोण आसा थंय? भुतां? बगतंय मी तुमची भुतां कशी दिसतत ती.”

दवाखाना जवळ होता हे खरं. पण मी गेले ते तेवढ्यासाठी नव्हे. मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. जिवंत बाळ हातात घेऊन त्या व्हाळावरून यायचं, आणि सगळ्या गावाला गप्प करायचं, असं चित्र मी डोळ्यांपुढे आधीच रंगवलं होतं. कोणी बरोबर आलं नाही. सुभद्राला मी एकटीनं खांद्याचा आधार देऊन नेली. तिला भीती वाटत होती, पण माझ्यावर तिचा विश्वास होता.

पहाटे मूल झालं. निळं पडलेलं. मी त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. किती वेळ गेला माहीत नाही. ते रडलं. आजवर एवढा आनंद मला कधी झालेला नाही. मी मूल घेऊन खोलीभर नाचले. आणि वळून पाहिलं तर खाटेखाली रक्ताचं थारोळं होतं.

मला फक्त दुसरे दोन हात हवे होते. एकानं पोट दाबून धरायचं, एकानं धावत जाऊन बैलगाडी आणायची. मी दारात येऊन हाका मारल्या. साठ घरांच्या गावात एकाही घरातून ओ आली नाही. गावात भुतं नव्हती. माणसंही नव्हती. सुभद्रा गेली ती माणसं नव्हती म्हणून. आणि पलीकडच्या गावच्या त्या पडवीत माणसं होती.

सूर्य वर आल्यावर मी मूल घेऊन व्हाळावर आले. दाजींनी विचारलं, “खंय जल्मला?”

तेव्हा मी खोटं बोलू शकले असते. जाताना व्हाळाच्या अलीकडेच, वाटेत, झाडाखाली, काहीही. पण सुभद्रा गेली होती आणि माझ्याकडे उरलं होतं एवढंच, की माझं तरी खरं ठरावं.

“गावात,” मी मान वर करून म्हटलं. “तुमच्या गावात. आनि भूत येक दिसला नाय.”

“आनि सुभद्रा?”

माझं रक्तानं भरलेलं लुगडं सगळ्यांना दिसत होतं. मी मूल काकीच्या हातात दिलं. दवाखान्यात येऊन वहीत लिहिलं: स्त्री, जिवंत. पुढे नावाचा रकाना होता. तो मी कोरा ठेवला.

*

या पळणीच्या दुसऱ्या दिवशीच दुपारी, सगळी जेवून लवंडली तेव्हा, मी पिशवीत एक भाकरी आणि पाण्याची बाटली घातली आणि व्हाळ ओलांडला. लपून नव्हे. गणूच्या बायकोनं पाहिलं. “नर्सबाय! अगो येडी काय तू!” तिची हाक माझ्या पाठीवर आदळली. मी चालत राहिले.

भर दुपारचा रिकामा गाव मी दुसऱ्यांदा बघत होते. रात्रीपेक्षा दुपार वाईट. ऊन लख्ख, सगळं स्वच्छ दिसतं, आणि आवाज नाही. कोंबडा नाही, जातं नाही, उखळ नाही. कोणाच्या तरी पडवीतला झोपाळा वाऱ्यानं करकरत होता. दवाखान्यासमोरून जाताना मी तिकडे पाहिलं नाही.

काकीच्या परड्याच्या फाटकाचं बांबूचं बेडं ढकललं आणि मी जागच्या जागी थांबले.

अंगण ताजं सारवलेलं होतं. बोटांचे लहान लहान ओरखडे शेणात उमटलेले. त्या अंगणात, एका ओळीत, केळीची सात पानं मांडलेली. प्रत्येक पानावर चिमूटभर पोहे आणि गुळाचा खडा. प्रत्येक पानापुढे बसायला म्हणून पसरलेला सुका झाप. ओळीच्या टोकाला पाण्यानं भरलेली करवंटी. आणि कोणीही नाही.

घरातल्या काळोखातून आवाज आला.

“येवा. बसा.”

बारीक, जपून उच्चारलेला, मोठ्या माणसासारखा. इतकी वर्षं ज्यांना मी हसत आले, त्यांनीच मला बोलावलं असं क्षणभर वाटलं.

मग ती दारात आली. धुतलेलं परकर-पोलकं, केस पाण्यानं चापूनचोपून बसवलेले. मला बघताच तिचा चेहरा पडला.

“तू?” ती म्हणाली. “तू कित्याक इलंस? तू त्येंच्यातली न्हय.”

“कोणाच्यातली?”

“माज्या माणसांतली. आजी सांगता, पळणीक माजी माणसां येतत.” तिनं पानांकडे बोट केलं. “मी काल सारवलंय, आज पन सारवलंय. कोण येवक नाय.”

“सातच जणां येतली काय?”

“माका सातापर्यंत येता मोजूक.”

“आनि तू काय खाल्लंस?”

“पाव्हणे येवच्या आदी कसा जेवू?” माझ्या अडाणीपणाचं तिला नवल वाटलं. तिच्या ओठांवर सुकलेली पांढरी पापडी धरली होती. काल सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

मी पायरीवर टेकले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग जणू पुष्कळ विचार करून ठरवल्यासारखं, म्हणाली,

“ती माका भियाली असतली.”

“कोण?”

“माजी माणसां. सगळी भियातत मा माका. पोरां, बायो, तू पन. ती पन भियाली असतली. परड्यात येवन परत गेली असतली.”

मी आयुष्यात पुष्कळ मरणं पाहिली आहेत, पण त्या वाक्यासारखं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही नाही.

“मी भियालंय नाय तुका,” मी म्हटलं.

“मगे दार कित्याक लावतंस?”

मी पिशवीतून भाकरी काढली. “मी जेवक बसू हंय? माका भूक लागली.”

ती घाईनं पुढे आली. “ती पानां तुजी न्हय! ती त्येंची.” मग माझ्या तोंडाकडे पाहून तिला वाईट वाटलं असावं. परड्यात गेली, केळीच्या फाट्याला लोंबकळून एक पान ओढून काढलं, ते पोलक्याला पुसलं आणि ओळीच्या टोकाला, जरा अंतर सोडून, मांडलं.

“ह्या तुका. ह्या किती झाला गो?”

“आठ.”

“आठ,” ती म्हणाली.

मी आठव्या पानावर भाकरीचे दोन तुकडे केले. “अर्दी तुजी. मी पाव्हणी मा? मी इलंय. आता तुका जेवक येता.”

तिनं थोडा विचार केला. हे तिला पटलं. मग ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि जेवली. कशी जेवली ते मी लिहीत नाही. जेवता जेवता म्हणाली,

“ती इली की माका नाव सांगतली. माका नाव नाय. आजीक ठावक नाय, कोणाकच ठावक नाय. त्येंका असतला.”

मी घास पानावर परत ठेवला.

त्या पहाटेची एक गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. कळांच्या मधल्या एका विसाव्यात सुभद्रा माझा हात धरून हसत म्हणाली होती, “नर्सबाय, चेडू झाला तर सुरंगी म्हणाचा. माज्या म्हायेराक दारात सुरंगीचा झाड आसा. चैतात नुसतो वास.” मी म्हटलं होतं, “आदी होवंदे, मगे बारसा.” ते नाव मी सहा वर्षं माझ्याजवळ ठेवलं. सांगायला गेले असते तर काकीच्या उंबऱ्यात बसून ती सगळी पहाट सांगावी लागली असती. पलीकडच्या गावची पडवीसुद्धा. म्हणून वहीतला रकाना कोरा राहिला, आणि एक लेकरू “गो” म्हणून वाढलं.

“माका ठावक आसा,” मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

“तुजा नाव सुरंगी. तुज्या आवशीन ठेवला. तू जल्माच्या आदी. मी थंय होतंय.”

“माका आवस होती?”

“होती. सुभद्रा. ती तुका भियाली नाय. ती तुजी वाट बगी होती. माजी चूक झाली म्हणान ती गेली. तुजी न्हय. भुतांची पन न्हय. माजी.”

तिला यातलं किती कळलं कोण जाणे. ती नाव तोंडात घोळवत बसली. एकदा हळू. एकदा जरा मोठ्यानं. मग उठून परड्याच्या बेड्यापर्यंत गेली, त्या सुन्या वाटेकडे तोंड करून तिनं ते ओरडून सांगितलं आणि धावत परत आली.

“चल,” मी हात पुढे केला.

“ती इली तर? मी नसलंय तर?”

“पानां मांडलंस मा तू? बसतली, जेवतली.”

तिनं सातही पानं पुन्हा नीट केली, करवंटीतला पडलेला पाचोळा बोटानं काढला, आणि मग माझा हात धरला. तो हात तापलेला, खरखरीत होता. दवाखान्यासमोरून जाताना मी या वेळी थांबले आणि तिला ती खोली दाखवली.

*

व्हाळाच्या पलीकडे सारा गाव उभा होता. दाजी पुढे, काठी हातात. मी पाण्याच्या अलीकडेच थांबले.

दाजींनी विचारलं. त्यांना दुसरं काय विचारावं सुचलं नसेल.

“घरात कोण रवला?”

“आता कोण नाय म्हाराजा,” मी म्हटलं. “काल मी खोटा बोललंय.”

“ह्या चेडू कोणाचा?”

मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. “मी सुरंगी.”

“कोणाची?”

आता तिनं माझ्याकडे पाहिलं.

“सुभद्राची,” मी म्हटलं. “आनि माजी.”

बायकांत कुजबुज झाली. मागून कोणी शिवी दिली, कोणी म्हणालं, पळण मोडली, आता मरा सगळी. दाजींनी काठी आपटली. मग म्हणाले, “मोडली ती मोडली. आजपासून फिरान तीन दीस. आनि नर्सबाय, तू नि ह्या चेडू, दोगां माळाच्या त्या टोकाक रवा. वांगडा नको.” जाताना जरा वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “थंय वारो लागता. माजी घोंगडी धाडतंय.”

तीन दिवस आम्ही त्या टोकाला राहिलो. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आवडूकाकी आली, थोड्या अंतरावर दुधाचा तांब्या ठेवला आणि उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

“सुरंगीक,” ती म्हणाली आणि वळली.

पुढे गाव माझ्या दवाखान्यात येईनासा झाला. मी बदली मागितली, मार्चमध्ये ती आली, आणि आवडूकाकीनं सुरंगीचा हात माझ्या हातात दिला. ती माझ्याकडेच शिकली, मोठी झाली, तिचं लग्न झालं. आज तिच्या दारात सुरंगीचं झाड आहे. सुभद्राच्या माहेरचं बी मागवून लावलेलं. पण मला सांगायचं आहे ते एवढं नाही.

नव्या कौलानं गाव परतला, त्या सकाळी ती माझा हात सोडून सगळ्यांच्या पुढे धावत सुटली. मी पोचले तेव्हा ती अंगणात उभी राहून बोटानं मोजत होती. एक, दोन, तीन. पानं सुकून कडेनं वळली होती, आणि सातही पानं साफ रिकामी होती. पोह्याचा दाणा नव्हता, गुळाचा कण नव्हता. करवंटीतलं पाणीही संपलं होतं. काकी बेड्याशी येऊन थबकली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मला सारवणात कावळ्यांची पावलं दिसत होती. एका पानाच्या कडेला उदमांजराचा पंजा उमटलेला होता, स्पष्ट, चार बोटं आणि नखं. सहा वर्षांपूर्वीची मी असते तर तिथेच सगळ्यांना बोलावून तो पंजा दाखवला असता.

“...सहा, सात.” तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. “गो, जेवली ती?”

मी पुढे झाले आणि त्या पंजावर पाय ठेवून उभी राहिले.

“जेवली,” मी म्हटलं.